अतिरेक्याला गूळपाणी

आमच्या रत्नागिरीत परक्याला लपता येत नाही, असं मी अजूनही छाती फुगवून सांगतो, ते एका काकडीवालीच्या जोरावर.

ऐंशीच्या दशकात आमच्या कारखान्यात अतिरेकी घुसले तर काय करायचं, याची तालीम व्हायची. एकदा साध्या कपड्यातला पोलीस अतिरेकी बनून, खोटा पास घेऊन आला. पहारेकऱ्याने पास बघून सलामही ठोकला.

फाटकाशी बसणाऱ्या काकडीवालीचं नाव मला कधीच कळलं नाही. नवखा माणूस दिसला, की ती हाक मारून गूळपाणी द्यायची आणि मान तिरकी करून विचारायची, "कोनाच्या घरचा रं तू?"

पोलीस पाणी पिऊन म्हणाला, "मालगुंडचा."

"माजं म्हायेर तितलंच. वाडी कंची?"

तो अडखळला. तिने त्याचं मनगट धरलं आणि ओरडून अख्खा कारखाना गोळा केला.

कारखान्याचे साहेब हसत म्हणाले, "बाई, अतिरेक्याला पाणी कशाला पाजलंत?"

मनगट न सोडताच ती फणकारली, "उन्हातना आलेला मानूस! धरायचा तो धरला की. पन पानी न इचारता धरायचा म्हंजे काय?"