छातीवर कोण बसलं होतं

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असले विषय कुणी काढले की मी उठून जातो. लासुर्ण्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, एवढंच मला कळतं. आवाज आला तर बेअरिंग गेलं, वास आला तर वायर जळली — कारणाशिवाय काही होत नाही हे माझं ठाम मत. होतं म्हणा. म्हणून हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सतरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. त्याला एक म्हातारा ऐकू येतो. आधी घसा खाकरतो, मग बोलतो. बहुतेक वेळा शिव्याच. गोळ्या सुरू झाल्यावर म्हातारा पुष्कळ कमी झाला, दादा दुकानात येऊन बसायला लागला, तार गुंडाळून द्यायला लागला. त्यामुळे गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण आम्ही काय शहाणपणा केला बघा. एसटीच्या गर्दीत दादाला त्रास व्हायचा, म्हणून दर महिन्याला मी एकटाच गोळ्यांचा जुना कागद घेऊन बारामतीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जायचो. कसा आहे? बरा आहे. त्याच गोळ्या चालू ठेवा. संपलं! मी खूश, डॉक्टर खूश. वर्षानुवर्षं दादाच्या दंडाला बीपीचा पट्टा लागला नाही की बोटातून रक्ताचा थेंब निघाला नाही. इकडे त्याचं पोट सुटलं, शर्टाची बटणं लागेनात, चार पायऱ्या चढला की धाप. आणि आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, पोरानं अंग धरलं, गोळ्या मानवल्या. सगळं गाव तेच म्हणायचं. मीसुद्धा तेच म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात दादा म्हणायला लागला, "म्हातारा छातीवर बसलाय. उठंना." म्हटलं, झालं, आजार उलटला. बारामतीला जाऊन मी अगदी तसंच सांगितलं आणि डोस वाढवून आणला. वर दादाला मास्तरासारखं समजावलं, की अरे कुणी नाहीये, तुझा भास आहे. तो छाती चोळत नुसती मान डोलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला लाइट गेली. दादा जेवून मागं घरात पडला होता. दुकानात मी एकटा, शटर अर्धं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोटारीत तार बसवत होतो. पाठीमागं कुणीतरी घसा खाकरला. गिऱ्हाईक असेल म्हणून मी मान वर न करताच थांबा म्हणालो.

"त्येच्या छातीवर मी न्हाय बसलो. बघ जाऊन."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अगदी शांत. वळलो — दुकानात कुणी नव्हतं. शटरखालून वाकून पाहिलं, रस्त्यावरही नाही. मी शटर तसंच टाकून घरात पळालो.

दादा खाटेच्या कडेला बसला होता. बनियन घामानं चिंब, जबडा धरलेला. शेजारच्या आबांच्या पिकअपमध्ये घातला आणि थेट बारामती गाठली. ईसीजी काढणाऱ्या सिस्टरच्या चेहऱ्यावरूनच कळलं. हार्ट अटॅक होता. त्याच संध्याकाळी स्टेंट टाकला. साखरही भरमसाट निघाली.

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, शुगर, कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं? कित्येक वर्षांत नाही, म्हटलं. ते म्हणाले, या आजाराच्या माणसांना हृदयाचा धोका तसाही जास्त असतो, त्यात काही गोळ्यांनी वजन, साखर, चरबी वाढते. म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. अरे, एवढी साधी गोष्ट सतरा वर्षांत मला कुणी सांगितली नाही! आणि मी तरी कुठं विचारलं? डोक्याचा पेशंट म्हटला की त्याला मानेखाली शरीर आहे हेच सगळे विसरतात. माणूस छाती छाती म्हणून सांगतोय आणि आम्ही म्हाताऱ्याचं काय ते विचारतोय. आजही आठवलं की डोकं फिरतं.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मानसोपचाराच्या मॅडम आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दादालाच समोर बसवून नीट विचारत होतं. आवाज येतो का अजून, असं त्यांनी विचारलं.

"येतो की," दादा म्हणाला आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यालाबी आला. त्यानंच धाडला ह्याला घरात."

दुकानातलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं... ना आईला, ना बायकोला, ना दादाला. मॅडम माझ्याकडं वळल्या. आई, बायको, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी हसून म्हणालो, छे हो मॅडम, मला कुठलं काय ऐकू येतंय! त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

भास म्हणा, मनात दाबलेली भीती म्हणा, मी सगळं लावून पाहिलं. पण दादाला कसं कळलं, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडं असेल तर सांगा. मला लाज वाटते ती मात्र मॅडमसमोरच्या त्या 'छे हो'ची.

मॅडम गेल्यावर मला वाटलं, दादा चिडणार. तो चिडला नाही. सलाइन लावलेला हात त्यानं माझ्या हातावर ठेवला.

"आसू दे," तो म्हणाला. "सुरवातीला मीबी न्हायच म्हनायचो."