रंगकाम चालू आहे

‘‘रशीदभाई, चार दिवस येऊ नका. दुकानाला रंग द्यायचा आहे,’’ असं मी सांगितलं. ते खोटं होतं. मी दुकान बंद करत होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात माझं साड्यांचं दुकान होतं. जागा भाड्याची. बाहेरच्या ओट्यावर रशीदभाई शिलाई मशीन घेऊन बसत, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. बाई आत साडी घ्यायची आणि बाहेर फॉल-पिको करून घ्यायची. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावायची सुती पट्टी. पिको म्हणजे कडा मशीनवर दुमडून शिवणं. दुकान गेलं की त्यांचा ओटाही जाणार होता. हे तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नाही.

तिकडे चंद्रपुरात मोठी दुकानं झाली होती आणि गिऱ्हाईक बसने तिकडे जाऊ लागलं होतं. इकडे मूलमध्ये नुकतं ब्रॉडबँड आलं होतं. मी उरलेल्या कोसा साड्या घरी आणल्या. कोसा म्हणजे आमच्या जंगलात ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या किड्यांचं रेशीम. व्हरांड्यात बायकोला एकेक साडी नेसायला लावून फोटो काढले आणि एका वेबसाइटवर टाकले. ‘‘चेहरा कापा, काठ दिसू द्या,’’ एवढीच तिची अट होती.

पहिली ऑर्डर पुण्याची आली. साडी पोचल्याचं कळलं तसे मी आळीत पेढे वाटले. पेढे संपायच्या आत फोन आला.

‘‘साडी सुरेख आहे हो. पण फॉल कुठे आहे?’’

‘‘मॅडम, तो शिंपी लावतो.’’

‘‘कुठला शिंपी? इथे सगळे आठ दिवस मागतात. माझ्या भाचीचं लग्न रविवारी आहे!’’

साडी परत आली. याला ऑनलाइन धंद्यात रिटर्न म्हणतात. दुसऱ्या ऑर्डरची साडी मी एका नव्या शिंप्याकडून फॉल लावून पाठवली. काठाला चुण्या पडल्या, तीही रिटर्न. बायकोने काठ हातात धरून पाहिला. ‘‘काऊन जी, रशीदभाईंना सांगितला तो रंग अजून वाळला नाई का?’’

मी दुकानाच्या गल्लीने जाणंच सोडलं होतं. एकदा कुरिअरवाल्याकडे शेजारच्या सावली गावच्या जुन्या गिऱ्हाईक शांताबाई भेटल्या.

‘‘भाऊ, केवढं रंगकाम काढलं जी? मी दोनदा येऊन गेली. रशीदभाई म्हनून राह्यले, शेठ अख्खं दुकान नवं करून राह्यले.’’

मी गल्लीत गेलो. शटर बंद होतं. समोरच्या कडुलिंबाखाली रशीदभाई मशीन मांडून बसले होते. हाताशी काम थोडंच दिसत होतं.

‘‘या शेठ. झाला का रंग?’’

चेहरा अगदी गंभीर. आणि मी, शरम सोडून, म्हणालो, ‘‘थोडा वेळ लागून राह्यला.’’ वर लगेच विचारलं, ‘‘तोवर घरी याल का? काही साड्यांना फॉल लावायचा आहे.’’

दुसऱ्या दिवशी त्यांचं मशीन माझ्या व्हरांड्यात आलं. मी वेबसाइटवर ‘फॉल-पिकोसह, नेसायला तयार’ असं लिहिलं. रिटर्न जवळजवळ थांबले. पुण्याच्या त्याच बाईंनी तीन साड्या मागवल्या. मला वाटायचं, इतकी वर्षं मी साड्या विकल्या. अर्धा धंदा ओट्यावर होता. धंदा हलवताना माणूस माल मोजतो, ओटा मोजत नाही.

दिवाळी आली. बायकोच्या आग्रहाने मी व्हरांडा रंगवायला घेतला. रशीदभाई सकाळी आले, दारातच थबकले. बादलीकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं.

‘‘वा शेठ! या खेपेले खरा रंग दिसते. मंग मशीन आता कुठी नेऊ?’’

आत बायको खो खो हसली. मला हसू येईना.

‘‘तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘टेम्पोत साड्या भरून राह्यले होते ना, तवा मी समोरच चहा पेत होतो.’’

‘‘मग लोकांना रंगकाम काऊन सांगत होते?’’

‘‘मंग काय सांगू? शेठचं दुकान बसलं म्हनून? माह्या तोंडानं?’’

मी ब्रश बादलीत ठेवला. हात रंगाने माखले होते, तसेच जोडले.

‘‘रशीदभाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. एकदा नाही, दोनदा. माझं चुकलं. मला माफ करा.’’