लाल मार्करची नदी

व्हाइटबोर्डच्या मार्करचा वास आला की मला अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतली ती बिनखिडकीची खोली आठवते. २००४ साल होतं. एका म्हाताऱ्या स्कॉटिश इंजिनिअरची नोकरी जाऊन त्याचं काम आमच्या पुण्याच्या टीमकडे येणार होतं आणि ते त्याच्याकडूनच शिकून घ्यायला, म्हणजे आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत केटी घ्यायला, मला पाठवलं होतं. तो शांतपणे शिकवायचा. टेबलाखाली माझा पाय मात्र सारखा हलत असायचा. एका दुपारी मध्येच थांबून त्यानं बोर्डावर लाल मार्करनं त्याच्या गावची नदी काढली आणि काठावर कापड रंगवायची गिरणी. "गिरणीत ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी नदी त्या रंगाची," तो म्हणाला. "मासा औषधालाही नव्हता. मग गिरणी बंद पडली आणि सॅमन मासे परत आले." काहीतरी बोलायला हवं म्हणून मी माझ्या सवयीच्या 'बरं झालं'चं इंग्रजी केलं, "दॅट्स गुड." त्यानं मार्करला टोपण लावलं. "माझे वडील त्या गिरणीत होते," एवढंच म्हणून त्यानं नदी पुसली आणि पुढचा मुद्दा शिकवायला घेतला. इतकी वर्षं झाली, पण 'बरं झालं' ओठांवर आलं की टेबलाखाली माझा पाय आजही हलायला लागतो.