पंचनाम्यात नसलेला दिवा

नोकरीतलं सगळंच काही लक्षात राहत नाही. ही एक घटना मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि तिच्यात ना खून होता ना दरोडा.

तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जानेवारी होता, सकाळी स्वेटर लागायचा. हातखंब्याच्या एका टपरीवाल्याने खबर दिली, की आतल्या वाडीत एक विधवा बाई घरात घोरपड पाळते. घोरपड धरणं, पाळणं हा गंभीर गुन्हा. दोन पंच, हवालदार आणि महिला शिपाई घेऊन मी निघालो.

बाई साठीच्या आसपासची. मुंबईला नोकरीत असलेला एकुलता एक मुलगा दीड वर्षापूर्वी आजारपणात गेला, हे पंचांनी वाटेतच सांगितलं होतं. माजघरात काचेची पेटी, तिच्यात वाळू आणि वर पिवळा दिवा. दिव्याच्या उबेत हातभर लांब, खरखरीत अंगाचा, गळ्याला काटे असलेला प्राणी डोळे मिटून पडला होता. मी खेड्यात वाढलेला. घोरपडीच्या गळ्याला काटे नसतात, हे मला माहीत होतं. पण खबर पक्की होती आणि मी घाईत होतो.

पडवीत जबाब घ्यायला बसलो.

"कुठे पकडलीत?"

"पकडलेली नाय, साहेब. घोरपडपन नाय ती. आमचा मन्या हाय."

"मग आणला कोणी?"

बाईने पदर सावरला आणि त्याच्या खाण्यापिण्याचं सांगायला लागली. तासभर मी फिरवून फिरवून तेच विचारलं. बाकीचं ती भरभरून सांगत होती. माठाचा पाला बारीक चिरून द्यायचा, जास्वंदीचं फूल त्याला फार आवडतं. "मी माळ घातलेली बाय, साहेब, पन तेच्यासाटी रातकिडे धरतंय." आणलं कोणी, तेवढं सोडून सगळं. नको ते सांगून हवं ते गाळणारे मी पुष्कळ पाहिले होते. तिलाही त्यांच्यातच बसवलं.

प्राणी जप्त करून निघालो, तर ती दिवा हातात घेऊन मागे धावली.

"साहेब, ह्यो न्या. ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाय तेला."

"काकी, पंचनाम्यात प्राणी आहे, दिवा नाही."

सह्या होऊन गेल्या होत्या. पंचनाम्यात एक ओळ वाढवायला फार तर दहा मिनिटं लागली असती.

वनखात्याचे अधिकारी कासवांच्या कामासाठी गुहागरला गेले होते. ते येईपर्यंत प्राणी आमच्या मुद्देमालाच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोलीत ऊन नाही, फरशी गार. हवालदाराने मायेपोटी त्याला उकडलेलं अंडं भरवलं. बाई रोज सकाळच्या एसटीने यायची. पिशवीत जास्वंदीची फुलं आणि तो दिवा. फुलं मी ठेवून घ्यायचो. दिवा मात्र नोंदीशिवाय मुद्देमालाजवळ ठेवता येणार नाही, असं ठणकावून सांगायचो. नियमाचा पक्का म्हणून माझं नाव होतं, आणि मला त्याचा माज होता.

तिसऱ्या दिवशी तिने खोक्यात डोकावून पाहिलं. मन्याचं अंग काळवंडलं होतं. अंडं तोंडावाटे परत आलं होतं. ती सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"लिवा, साहेब. माज्या पोरानं आनला, मुंबयच्या दुकानातनं. नऊ वर्सं सांभाळलान, तो गेल्यावर मी."

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मेलेल्याचं नाव पोलिसांच्या कागदावर कशाला, म्हनून. आमच्या घरातलं कोनाचं नाय आजवर. आता लिवा, पन दिवा लावू द्या."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, मुलाच्या पूर्ण नावासकट. मुंबईच्या दुकानात घोरपडी मिळत नाहीत, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मोबाईलवर फोटो काढून गुहागरला पाठवला. पाच मिनिटांत वनखात्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. "ही घोरपड नव्हेच. परदेशी सरडा आहे, बिअर्डेड ड्रॅगन. यात गुन्हाच होत नाही." तो मोबाईल तिन्ही दिवस माझ्या खिशातच होता.

दिवा मीच लावला, हवालदाराच्या टेबलावर, वायर ओढून. बाई मन्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसली. एकदा त्याने डोळा उघडला. दुपारी एकच्या सुमारास मान टाकली. महिला शिपाई रडायला लागली. तिला गप्प करावं असं मला वाटलं नाही.

तोवर चौकशीत मी फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचो. त्या बाईने न विचारता जे जे सांगितलं, तेवढंच खरं कामाचं होतं. पुढे निवृत्त होईपर्यंत समोरच्याला मी आधी हवं ते बोलू दिलं. पण मला हे शिकवायला तिच्या मुलाची शेवटची खूण खर्ची पडली, याची लाज वाटते.

मन्याला पदरात गुंडाळून ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"साहेब, आता गुन्हा नाय ना? मग पोराचं नाव तेवडं खोडा."

स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही. कोणालाच.

"खोडतो, काकी," मी म्हणालो.

तिने मला हात जोडले आणि एसटी गाठायला गेली. नाव अजून तिथेच आहे.