चटईचे पावणेतीन किलो

काट्यावर काही ठेवायच्या आधी रिकामा काटा बघायचा, ही काटेवाल्यांची जुनी खोड. बाजारात असोत नाहीतर कुणाकडे पाहुणे म्हणून गेलेले असोत, समोर वजनकाटा दिसला की माणसाकडे नंतर, आधी सुईकडे नजर. सुई शून्यावर असेल तर पुढचं बोलणं. नसेल तर खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर निघालाच म्हणून समजा. लग्न ठरवायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांच्या दुकानातला तराजू त्यांनी चहा यायच्या आत खोलून ठेवला होता. सासरे तोंडावर हसले आणि आत जाऊन बायकोला म्हणाले, "जावई आहे का इन्स्पेक्टर?"

बत्तीस वर्षं काटे दुरुस्त करायचा हा एकच धंदा, म्हणून नावही काटेवाले. टायरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे एक माणूस उभा आणि एक वाकलेला मावेल एवढं दुकान. भिंतीवर सुया काढून घेतलेल्या तबकड्या टांगलेल्या, खाली वीस-वीस किलोच्या लोखंडी वजनांची रांग, आणि फळीवर मखमल लावलेल्या लाकडी पेटीत पितळी वजनं. ती उघड्या हाताने उचलायची नाहीत, घामानेही फरक पडतो, हे गिऱ्हाइकालासुद्धा दटावून सांगणार. एका भाजीवाल्याने एकदा डोळा मारून म्हटलं होतं, "शंभर ग्रॅम जरा आपल्या बाजूला झुकवा की." काटेवाल्यांनी त्याचा काटा उचलून रस्त्याच्या मधोमध नेऊन ठेवला. मागून ट्रक वाजतोय, भाजीवाला हातापाया पडतोय, आणि हे दुकानात बसून दुसऱ्या काट्याला तेल सोडतायत. असा माणूस. गोड बोलता येत नाही, खोटं तर नाहीच नाही.

एकच मुलगी, उशिरा झालेली. दहा वर्षांची असताना तिने विसाचं वजन जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं होतं. दोन्ही हातांनी, पण हुश्श न करता. टायरवाल्याने शिट्टी मारली. त्या दिवसापासून काटेवाले तिला 'पैलवान' म्हणायला लागले. "पैलवान, डबा आणलास का?" "पैलवान, अभ्यास झाला का?" शाळेतून आली की ती आधी दुकानात डोकवायची, दंड फुगवून दाखवायची आणि मग घरी पळायची.

ती चौदाची झाली त्या वर्षी वस्तीच्या सभागृहावर फलक लागला: 'चला, हलके होऊया! तरुणाईसाठी आरोग्य अभियान.'

खोटं कशाला बोलायचं, काम चांगलं होतं. त्याआधी सभागृहाच्या अंगणात मोडकी कपाटं आणि कुत्र्यांची पिल्लं, आणि कठड्यावर मोबाईलमध्ये मान घातलेली पोरं. व्यायामशाळा चालवणारा एक तरुण पुढे आला. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. त्याने स्वतः कपाटं उचलली, दोऱ्या आणल्या, पहाटे पाचला दारं वाजवून मुलं गोळा केली. शंभराच्या वर मुलं धावायला लागली, त्यात निम्म्या मुली. एक पैसा न घेता. काटेवाल्यांची पोरगी पहिल्या दिवशी चपला हातात घेऊन धापा टाकत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी चार फेऱ्या मारल्या!" त्या रात्री तिने दोनदा वाढून घेतलं होतं. हे काटेवाल्यांच्या लक्षात राहिलं, कारण तसं पुन्हा झालं नाही.

आता चांगल्या कामाचंही असं आहे, की त्याला फळा लागतो. फळा नसला तर फोटो कशाचा काढणार? फरशीच्या व्यापाऱ्याने वजनकाटा भेट दिला, आणि दर दुसऱ्या रविवारी सगळ्या मुलांची वजनं सभागृहात, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून. फळ्यावर नाव, नावापुढे दर वेळचा आकडा आणि ठिपका. हिरवा, पिवळा, लाल. रविवार हा काटेवाल्यांचा बाजाराचा दिवस, त्यामुळे हे सगळं त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं.

"तिला लाल ठिपका मिळालाय," बायको म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे जाड. मुलं तिला 'डबल तिकीट' म्हणतात. आणि हे बघा, तुम्ही तिला ते पैलवान म्हणू नका आता. मला सांगितलंय तिने."

दुसऱ्या दिवशी पोरगी दुकानात आली तेव्हा त्यांच्या तोंडातून 'पै' एवढं निघालं आणि ते खोकले.

ती डब्यातलं निम्मं परत आणायला लागली. मग डबाच विसरायला लागली. मैत्रिणीकडे खाल्लं, शाळेत खाल्लं, पोट दुखतंय. ताटात घास इकडून तिकडे फिरवत बसायची. सकाळी धावून यायची आणि संध्याकाळी पुन्हा गच्चीवर दोरीच्या उड्या. खालच्या घराचं छत धपधप वाजायचं. आई ओरडली तर म्हणायची, "सर म्हणतात, चिकाटी पाहिजे." फळ्यावर मात्र लालच. चार वेळा लाल.

पाचव्या वजनाच्या रविवारी मोठा कार्यक्रम ठरला. त्याआधीच्या गुरुवारी सर स्वतः दुकानात आला. "काका, आपला वजनकाटा करकर करतोय. पाहुणे यायचेत. जरा तेल सोडून जाता का?"

काटेवाले गेले. दुपारची वेळ, सभागृह रिकामं. त्यांनी खोडीप्रमाणे आधी सुईकडे पाहिलं.

काट्यावर कुणी नव्हतं. सुई पावणेतीनवर होती.

काट्याच्या पाटावर एक जाड रबरी चटई स्क्रूने बसवलेली होती. चारी बाजूंनी लोखंडी पट्टी, मधे फरशीच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. भेट देताना व्यापाऱ्याने हौसेने बसवून दिली होती, मुलांचे पाय घसरू नयेत म्हणून आणि नाव फोटोत यावं म्हणून. शंभर मुलांची रांग. एक उतरायच्या आत दुसरा चढायचा. दोन महिने त्या काट्याची सुई मोकळी होऊन कुठे थांबते, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी चारही स्क्रू काढले. सुई शून्यावर आली. नुसती चटई ठेवून पाहिली. पावणेतीन. मग चष्मा पुसून ते फळ्यासमोर उभे राहिले, मुलीच्या आकड्यातून पावणेतीन वजा केले, आणि बाजूला टांगलेल्या उंची-वजनाच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. मग पुन्हा केले. त्यांची पोरगी पहिल्या दिवसापासून लाल नव्हतीच.

सरला फोन लावला. सर म्हणाला, "अरेच्चा! बरं झालं काका, सापडलं ते. रविवारी सांगून टाकू."

रविवारी काटेवाल्यांनी बाजार बुडवला आणि सभागृहात दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. पोरगी मुलींच्या घोळक्यात, ढगळ शर्टात. वजनं झाली. नवीन ठिपके लागले. वॉर्डाचे पुढारी माईकवर आले आणि कागद वाचला: "पंधरा दिवसांत सरासरी तीन किलो घट! हा आपल्या तरुणाईचा विजय आहे!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. काटेवाल्यांनी सरकडे पाहिलं. सरने फळ्याकडे पाहिलं.

"टाळ्या थांबवा," काटेवाले उभे राहून ओरडले. "ही घट नाही. चटई आहे!"

"काटेवाले, खाली बसा हो, पाहुण्यांना पुढे जायचंय," व्यासपीठावरून कुणीतरी म्हणालं.

ऐकतील तर काटेवाले कसले. कोपऱ्यात टेकवलेली चटई त्यांनी ओढत आणली आणि दाणकन काट्यावर टाकली. सुई झेपावली, थरथरली आणि पावणेतीनवर उभी राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे व्यायाम चटईने केला म्हणायचा!" आणि सगळे खो खो हसले. पुढारी सगळ्यात जास्त हसले आणि हसता हसता गाडीकडे निघाले.

सर जवळ आला. चिडला नव्हता, त्याचा चेहरा पडला होता. हळूच म्हणाला, "काका, मला कळत नाही का? पण त्या पोरांची तोंडं बघा. दोन महिने अंधारात उठलीत. आता त्यांना सांगू, की तुमचं काहीच कमी झालं नाही?"

"जे आहे ते सांगा."

"सांगतो. उद्या पहाटे एक पोर येणार नाही. पुन्हा कठड्यावर बसतील. तुम्ही याल का त्यांना उठवायला?"

बाजूला एक लहान मुलगा आपला हिरवा ठिपका तळहाताने झाकून उभा होता, कुणी पुसायला येईल म्हणून. काटेवाल्यांनी चटई उचलली, कोपऱ्यात ठेवली. मागे वळून पाहतात तर पोरगी निघून गेलेली.

घरी ती दाराकडे पाठ करून बसली होती.

"सगळ्यांसमोर कशाला, बाबा?"

"अगं, तुझ्यासाठीच! तू लाल नव्हतीसच कधी. ती चटई होती."

"बाकीच्यांचं असेल चटईचं." ती वळली. गालाची हाडं त्यांना आत्ता दिसली. "माझं खरंच झालंय."

आणि ती खरं बोलत होती. गुरुवारी फळ्यासमोर त्यांनी सगळे आकडे ताडले होते. बाकीच्या मुलांच्या ओळी जागच्या जागी होत्या. एकट्या तिची ओळ पायरी पायरीने खाली उतरत गेलेली. चटई काढल्यावर ती एकदम लालची पिवळी झाली होती, आणि तिच्या हिशोबाने ते बक्षीस होतं. उपाशी राहिलेल्या प्रत्येक दिवसाचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि आवाज खाली आणला. मोठ्या इस्पितळात अशा मुलांशी बोलणाऱ्या बाई बसतात म्हणाल्या. तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. "तोवर आठवड्यातून एकदा वजन घ्या, पाठमोरं उभं करून, तिला आकडा दिसू न देता. मला लिहून आणा. आणि काटा चांगला हवा हं."

"काट्याला काय तोटा," बायको म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

आठवड्यातून एकदा कुठली, पोरगी रोज सकाळी यायला लागली. दुकान उघडायच्या आधी शटरपाशी उभी. पाठ करून उभं राहायला साफ नकार. सभागृहातल्या काट्यावर तिने पाय ठेवणं सोडलं होतं. "त्याचं काय खरं, तुम्हीच तर दाखवलंत," म्हणाली. "तुमचा काटा चुकत नाही." काटेवाल्यांनी एकदा दुकान दिवसभर बंद ठेवलं. त्या दिवशी तिने पाण्याशिवाय काहीही तोंडात घातलं नाही. आकडा कळला नव्हता ना. दुसऱ्या दिवशी त्यांनी शटर वर केलं.

बायकोने एका सकाळी पोळपाट बाजूला सारून त्यांचा हात धरला. "अहो, एवढ्या जगाचे काटे फिरवता. हिच्यासाठी एकदा फिरवा ना. दोन किलो इकडचे तिकडे. कोण बघतंय?"

दुसरं कुणी म्हणालं असतं तर काय झालं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोला ते "बरं" म्हणाले.

दुकानात येऊन त्यांनी काट्याची मागची झाकणी उघडली. शून्याचा स्क्रू समोर. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसला. आणि हात थांबला. कुठल्या बाजूला? आकडा जास्त दाखवला तर ती उरलेला घासही सोडेल. कमी दाखवला तर तिला वाटेल, जमतंय, असंच चालू ठेवू. बरोबर दाखवला तर रोज हेच चाललंय. त्यांनी स्क्रू अर्धा आटा डावीकडे घेतला. मग पुन्हा उजवीकडे. मग होता तिथे. बत्तीस वर्षांचा हात, आणि त्याला फिरवायला बाजू सापडेना. त्यांनी झाकणी लावून टाकली.

शटरवर टकटक झाली.

पोरगी आत आली, चपला काढल्या, केसांतली क्लिपसुद्धा काढून टेबलावर ठेवली. काट्याच्या वाटेत विसाचं वजन पडलेलं होतं. ते बाजूला करायला वाकली, कडीला दोन्ही हात घातले, ओढलं. वजन हललं नाही. तिने पुन्हा ओढलं नाही, वळसा घालून पलीकडे गेली. काटेवाल्यांनी ते पायाने भिंतीशी सरकवलं.

तिने काट्यावर पाय ठेवायच्या आधी वाकून सुईकडे पाहिलं.

"शून्यावर आहे ना, बाबा?"

"आहे."

ती चढली. काटेवाल्यांनी तबकडीवर पंजा ठेवला. का ठेवला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हात काढा ना."

"पैलवान," ते म्हणाले, "आधी दोन घास खातेस? डबा आणलाय मी. तुझ्यासमोर मी पण खातो."

"हात काढा, बाबा. शाळेला उशीर होतोय."

बाहेर एक वाणी आपला तराजू कडेवर घेऊन केव्हाचा उभा होता. त्याने आत डोकावून कौतुकाने मान हलवली. "काय हो काटेवाले, ही तुमचीच का? ओळखूच आली नाही! किती हलकी झाली पोरगी. ते अभियान म्हणजे मानलं पाहिजे बुवा."

पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली, अगदी दंड फुगवून दाखवायची तेव्हासारखी.

काटेवाल्यांनी हात काढला.