आधी हात

"आधी हात," मिस्त्री म्हणायचे. विळ्याची मूठ असो की कुऱ्हाडीचा दांडा, काय हवंय ते नंतर. जो वापरणार त्याचे तळवे ते उलटसुलट करून बघायचे. मग ढिगातलं एक लाकूड उचलून कानाशी धरायचे आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. असा कुणी तुम्हीही पाहिला असेल. आमचे मिस्त्री सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमागे पत्र्याच्या शेडमध्ये बसत.

पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन मी घरी आले होते आणि जूनमध्ये धाकटी बहीण कुसुम तिथेच जाणार होती. त्या शाळेत मुली बेसबॉल खेळत. दोघीजणी आळीपाळीने नावं पुकारून आपापल्या बाजूला मुली घेत. चार वर्षं माझं नाव कुणी पुकारलं नाही. मी कडेला बसून इतरांच्या रिबिनी सांभाळल्या. कुसुमचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी जाण्यापूर्वी तिला चेंडू मारता यायला हवा होता, म्हणजे बॅट हवी होती.

तिला घेऊन मी शेडवर गेले. वहीच्या कागदावर काढलेलं चित्र मिस्त्रींनी उलटं धरलं.

"हे तर मुसळ हाय, माय. खाली लोखंडी कडी बसवू का?"

"नको. याने चेंडू मारायचा."

"आन मग?"

"मग पळायचं."

"कुनाच्या मागं?"

"कुणाच्याच नाही. चार ठिकाणी पाय लावून परत यायचं, निघालो तिथंच."

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. "मारायचं, पळायचं, आन जिथल्या तिथं यायचं. मग खामखा गेलंच कशाला?"

कुसुम खुदकन हसली. मी सांगतच सुटले. उभं कसं राहायचं, कोपर किती वर धरायचं. घरी पाहुणे आले की आत पळणारी मी, पण तिथे ढिगातली एक काठी उचलून फिरवूनही दाखवली.

"आधी हात."

मी कुसुमला पुढे केलं. त्यांनी तिचे तळवे बघितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजे बी दाखव."

माझ्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून वाकडी आहे. तो हात मी पदराखाली ठेवते. का कोण जाणे, पुढे केला.

आठवड्याने बॅट मिळाली, धावड्याच्या लाकडाची, तेल पाजलेली. कुसुमने ती फिरवली आणि तिच्यामागोमाग स्वतःच फिरून खाली बसली.

"अक्का, ही माझी नाही."

मी तक्रार करायला गेले. काय बोलायचं ते दारात तीनदा घोकलं.

"बसली का हातात?" मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"बसली," मी म्हणाले.

"मग खेळनारीचं माप बराबर घेतलं मी."

खेळणारी कुसुम आहे, हे मी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. घरी येईपर्यंत तेही खात्रीचं राहिलं नाही.

कुसुम शेवटी धुण्याच्या धोपटण्यावर शिकली. जुलैत तिचं पत्र आलं, तिला तिसऱ्या नंबरला पुकारलं. मी ते पत्र दोनदा वाचलं.

पुढच्या हंगामात शेडमध्ये दुसरे सुतार होते. ते फीत लावून माप घेत. मिस्त्रींचं विचारलं तर म्हणाले, "गेले ते." पालमकडे आपल्या गावी गेले की कायमचेच, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

बॅट दाराआड उभी असते. दुपारी अंगणात कुणी नसलं की मी ती उचलते. मुठीच्या मध्यावर एका बाजूला लाकूड नखभर खोल तासलेलं आहे. मला आधी वाटलं, तासताना मिस्त्रींची पटाशी घसरली असेल.

माझी करंगळी तिथे बसते.