तिसरी मेख

मगनचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं लांब आहे, असं आमच्या बोरी नदीकाठच्या गावात बायामाणसंसुद्धा सांगायची. मोजला कोणीच नव्हता. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गासड्या ओढून ओढून त्याचा खांदा असा फुगला होता, की सदरा शिवताना शिंपी त्या बाजूला जास्त कापड धरायचा, एवढं मात्र खरं.

क्रिकेट त्याला जिनिंगच्या कारकुनांनी शिकवलं. एका रविवारी त्यांना एक माणूस कमी पडला म्हणून ते याला हमालीतून उचलून घेऊन गेले. नुसता चेंडू फेक म्हणाले. यानं ढेकूळ मारावं तसा मारला. मग त्याला समजावून सांगितलं, की बाबा, कोपर वाकवायचं नाही, हात सरळ फिरवायचा. त्यानं फिरवला आणि मधला डांडका, म्हणजे स्टंप, मोडून दोन तुकडे झाला. तो डांडका हेडक्लार्कनं घरून आणलेला होता. त्या दिवसापासून मगनच्या पाठीवर गासडी चढली नाही.

ते साल एकोणसाठ-साठ. तेव्हा आपल्या खानदेशात कापडगिरण्या, तेलगिरण्या, सगळ्यांचे संघ होते. शेठ लोकांना हौस. चांगला खेळणारा दिसला की त्याला कामावर घ्यायचे. नाव हजेरीपटावर, माणूस मैदानात. विकेटी पडत तोवर नोकरी. पडेनाशा झाल्या की कोणी रागावत नसे, नुसतं पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणत. मगन असा गाव बदलत फिरला. अमळनेर झालं, मग धुळ्याच्या गिरणीत दोन वर्षं. तिथं मॅनेजरचा भाचा बोलर निघाला, म्हणून हा सुटला. मग चाळीसगावात तीन वर्षं. मग भुसावळला एक उन्हाळा, रोजंदारीवर. एक पत्र्याची पेटी, एक पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, त्यांना खडू फासायचा. मोठा बोलर तो नव्हता. नाशिकच्या पलीकडे त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याच्याकडे एकच माल होता: वेग. तो जोवर होता तोवर त्याची भाकरी होती.

चाळीसगावात त्याला भटू भेटला. भटू गिरणीत मागावर होता आणि संघात पहिल्या नंबरला खेळायला जायचा. गिरणीच्या चाळीत त्याची दीड खोली. त्यातली अर्धी त्यानं मगनला दिली. भटूची बायको सुपडाबाई. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, "भाऊ, मी दोन माणसंनं रांधस. तिसराले लागनं त पानी टाकसू डायमा." तीन वर्षं तिनं डाळीत पाणी टाकलं आणि मगननं ते गोड मानून प्यायलं.

भटूचा एक स्वभाव होता. तो आउट झाला तरी बोलरची तारीफ करत परत यायचा. दुसरे बॅट आपटत, अंपायरच्या आईबापाचा उद्धार करत. हा काखेत बॅट धरून हसत हसत यायचा आणि सांगत बसायचा, कसा पडला, कसा वळला.

"तू शून्यवर आउट व्हयना, भटू," मगन म्हणायचा.

"पन बॉल दखा का तू? असा बॉलवर शून्य आउट व्हनारा मीच एक शे."

त्या संघाचा खर्च गिरणीनं कमी केला तेव्हा पहिला मगन गेला. पेटी स्टेशनवर भटूनं डोक्यावर घेऊन पोचवली.

अडुसष्टात मगन जळगावला आला. अमृतलाल शेठची तेलगिरणी. सरकी गाळायची, तेल काढायचं, पेंड विकायची. संघाचा कप्तान होता गिरणीचा कॅशियर बन्सीलाल. मगनला पेंडीच्या गोदामात नाव लावून घेतलं, कच्चं. तोवर मगनच्या खांद्यात दुखणं शिरलेलं होतं. सकाळी हात वर करायचा म्हणजे आधी डाव्या हातानं तो उचलून धरावा लागायचा. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री मोहरीचं तेल चोळायचा आणि बोलर म्हणून दिवस काढायचा.

एकोणसत्तरच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, चाळीसगावच्या संघाशी सामना ठरला. आदल्या दिवशी बन्सीलालनं त्याला कॅशच्या खिडकीशी बोलावलं.

"मगन, उद्या शेठ स्वतः येऊन बसणार आहेत. तुला कायम करायचं की पाडव्याला मोकळं करायचं, ते उद्याच्या खेळावर."

"मी आजून बत्तीसना शे, भाऊ."

"तू तीन वर्षांपासून बत्तीसचा आहेस," बन्सीलाल म्हणाला.

सामना मेहरूण तलावाच्या बाजूच्या मोकळ्या पटांगणावर होता. तेव्हा आपल्याकडे गवताची खेळपट्टी कुठली? मुरूम दाबून, पाणी मारून, रोलर फिरवून वर काथ्याची मॅट अंथरायची. मॅटच्या दोन्ही कडांना दोरीचे फास. चार माणसांनी ती ओढून ताणायची आणि फासांत लोखंडी मेखा ठोकायच्या. मॅट ताठ असली की खेळ खरा. एक मेख ढिली असली की तिथं मॅट सुटते, बोटभर घडी पडते. त्या घडीवर चेंडू पडला तर तो कुठं जाईल, हे फेकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मॅट परत ताणायची रीत होती आणि ते काम यजमानांचं असे.

सकाळी जळगावचा संघ एकशे सतरात आटोपला. चाळीसगाव खेळायला उतरलं. भटू पहिल्यालाच आला, लांबूनच मगनला हात केला. मग त्यानं मगनला असा धुतला, की शेठच्या शेजारी बसलेल्यांनी शेठकडं पाहणं सोडून दिलं. जेवणाला थांबले तेव्हा चाळीसगावचे दोन बाद सत्तर होते. त्यांतले एकेचाळीस भटूचे. मगनला विकेट नव्हती. त्याचा चेंडू आता नुसता यायचा, पूर्वीसारखा अंगावर यायचा नाही.

सगळे तंबूत पुऱ्या खात होते. मगन हातोडा घेऊन मॅटवर गेला. बन्सीलालला बरं वाटलं, दमलेला असूनही माणूस कामाला लागला म्हणून. मगननं एकेक मेख ठोकली. भटू ज्या टोकाला उभा राहायचा, त्या टोकाकडून तिसरी मेख आली, पायाच्या बाजूची. तिथं त्याचा चेंडू नेहमी टप्पा घ्यायचा. त्या मेखेला त्यानं हातोडा मारला नाही. इकडंतिकडं पाहिलं आणि टाच मारली. मेख कलली, फास सुटला नाही, पण सैल झाला. वर मॅट सारखी करून तो जेवायला आला. दोन पुऱ्या खाल्ल्या. हे सगळं त्यानंच मला पुढं सांगितलं, पुऱ्या किती खाल्ल्या तेसुद्धा.

सुट्टीनंतरचं तिसरं षटक. चेंडू त्या घडीवर पडला. भटू पुढं पाय टाकून वाकला होता, कारण त्या टप्प्यावरचा चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही, हे तो सकाळपासून पाहत होता. चेंडू उठला आणि सरळ त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. आवाज तंबूपर्यंत आला. भटू स्टंपांवर पडला, म्हणजे आउटही झाला.

त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. इकडं चाळीसगावचे बाकीचे पाय मागं ओढून खेळू लागले. उरलेल्या सातांतले सहा मगननं काढले. तेव्हा त्याला टप्पा कुठं टाकायचा हे बघायचीसुद्धा गरज पडली नाही. नव्वदीत ते संपले. शेठ खुर्चीतून उठून आले, मगनच्या पाठीवर थाप मारली. एक तारखेला तो कायम झाला.

संध्याकाळी मगन दवाखान्यात गेला. सांगून टाकायचं असं ठरवून गेला होता. पट्टी बांधलेला भटू खाटेवर होता. डोळा गेल्याचं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. मगन काही बोलायच्या आत भटूच बोलला.

"मगन, तुना हात आजून जित्ता शे रे. हाऊ बॉल मी आख्खी जिनगीमा दखा नही."

मगन न सांगताच परत आला.

एका डोळ्यानं मागावर काम होत नाही. धागा तुटला की लगेच दिसला पाहिजे. चाळीसगावच्या गिरणीनं भटूला गेटवर बसवलं, पगार कमी. त्याचं भटूला काही वाटलं नाही असं नाही, पण त्याच्याजवळ आता सांगायला गोष्ट होती. गेटवर येणारा प्रत्येक माणूस डोळ्याचं विचारायचा आणि भटू उठून उभा राहायचा. पाय कसा टाकला, चेंडू कुठं पडला, कसा नागासारखा उठला, सगळं करून दाखवायचा. शेवट ठरलेला. "डोया गया, पन कोना बॉलवर गया? मगनना. असा तसाना बॉलवर नही गया."

वर्षातून दोनदा तो मगनला जेवायला बोलवायचा. मगन जायचा. न जाणं त्याला जास्त जड गेलं असतं. शेजारी जमायचे, भटू गोष्ट सांगायचा आणि मग म्हणायचा, "ईचारा यालेच." मगन मान हलवायचा. सुपडाबाई त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची, भटूच्या भाकरीवर नसायचा.

दोन वर्षांत मगनचा खांदा पुरता गेला. पण तो कायम होता, गोदामात पोती मोजत राहिला. सामना असला की मॅट ताणायला मात्र जायचा. प्रत्येक मेख दोनदा ठोकायचा, मग वाकून हातानं हलवून पाहायचा. एवढा इमानदार माणूस पाहिला नाही, असं बन्सीलाल चारचौघांत म्हणायचा. तेव्हा मगन मुतायला म्हणून उठून जायचा.

मी त्याला एकदा विचारलं, का सांगून टाकत नाहीस. तो पेंडीच्या पोत्यावर बसला होता. म्हणाला, "डोया त मी लिन्हाच. आते ती गोट बी लई लेऊ का त्यानी?" मला तेव्हा ते पटलं. नंतर वाटलं, यात मगनची स्वतःची सोय पण होती. त्यालाही ते वाटत असावं, कारण तो पुढं म्हणाला, "भ्याव बी वाटस."

अठ्ठ्याहत्तर साली चाळीसगावच्या जुन्या खेळाडूंनी ठरवलं, मगनचा सत्कार करायचा. शाल, नारळ. शाल भटूच्या हातून. कल्पना भटूचीच होती आणि त्यानं आठ दिवस आधी पत्र पाठवलं: तू त्या बॉलवर चार शब्द बोलशील, पोरांना कळू दे.

मगन आदल्या दिवशीच दुपारच्या एस.टी.नं चाळीसगावला गेला. भटूच्या घरी शाल खुंटीवर टांगलेली होती, दुकानाच्या कागदातच. सुपडाबाईनं पान वाढलं. भरीत, कळण्याची भाकरी, कांदा. भटू समोर बसला. मगननं एक घास मोडला आणि हातातच ठेवला.

"भटू, ती मॅटनी मेख मीच ढिली करी व्हती."

"कोनती मॅट?"

"मेहरूणनी. जेवननी सुट्टीमा."

भटू हसला नाही, रागावलाही नाही. खेळणारा माणूस, त्यानं खेळाचंच विचारलं.

"कोनती मेख?"

"तिसरी. पायनी बाजूनी."

"हातोडा मारा?"

"टाच मारी."

भटूनं जमिनीवर बोटानं एक आडवी रेघ ओढली, मग तिच्यावर एक ठिपका दिला. बोट त्या ठिपक्यावरच ठेवलं. म्हणजे पाऊल बरोबर पडलं होतं. म्हणजे चेंडू उठायला नको होता. हे सगळं त्यानं मनात करून पाहिलं असणार. मग म्हणाला,

"मंग तो बॉल तुना नव्हता."

"नही."

"मी नऊ वरीस लोकेसले काय सांगी ऱ्हायंतू?"

 भटू उठला, खुंटीवरची शाल काढली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला, पाठ करून. मगनही पानावरून उठायला लागला. तेव्हा चुलीपुढून सुपडाबाई बोलली. आवाज चढवला नाही.

"वाढेल शे तितलं खाई ले. अन्न टाकू नको. मंग ह्या दारमा परत येऊ नको."

मगन परत बसला. एवढी मोठी भाकरी त्यानं जन्मात खाल्ली नसेल. सुपडाबाई त्याच्या पानाकडं पाहत बसली, शेवटचा तुकडा जाईपर्यंत. त्यानं ताट चाटून पुसलं, स्वतः धुऊन पालथं ठेवलं, आणि भटूच्या पाठीमागून निघाला. भटू वळला नाही. सत्कार झाला नाही. पाहुण्यांची तब्येत बिघडली असं सांगितलं गेलं. कोणी सांगितलं, ते मगनला कळलं नाही. भटूनंच सांगितलं असावं.

भटू आता सगळ्यांना खरं सांगेल आणि आपली छी-थू होईल, अशी मगननं वाट पाहिली. खरं म्हणजे त्याला ती हवी होती. वर्ष गेलं, कोणी एक शब्द बोललं नाही.

मग एक दिवस चाळीसगावचा ट्रक पेंड भरायला आला. ड्रायव्हर चुडामण नवा होता, त्या गावात येऊन त्याला चारच महिने झाले होते. चाळीसगावात कुठं उतरतो, कोणाला ओळखतो, असं बोलता बोलता मगननं विचारलं, गिरणीच्या गेटवर एका डोळ्याचा माणूस आहे, तो ओळखीचा आहे का.

"भटूनाना ना? रोज बोलस मी त्यासनासंगे. मानूस कमी बोलना, पन चांगला."

"डोयानं काय सांगस?"

"ईचारं व्हतं मी. सांगे, न्हानपने इटी लागनी." चुडामणनं बिडी पेटवली. "इटीदांडू खेळताना. तुम्हले वळख शे का त्यासनी?"

मगन पोती मोजत होता. मोजणी चुकली, ती त्यानं पहिल्यापासून सुरू केली. अकरा-बारापर्यंत आल्यावर म्हणाला,

"नही. आयकेल शे मी. इटीच लागेल शे त्याले."